चवळी शिकायला सासुरवाडीला

सत्तरीला टेकलेला माणूस सासुरवाडीला जातो तो एक तर भांडायला, नाही तर कुणी मेल्याची खबर द्यायला. मी गेलो चवळी कशी लावतात ते शिकायला. गावात हे कळलं तेव्हा लोक हसले. हसोत. त्यांचं हसून झालं, आता ज्यांचं तापीच्या पलीकडे कधी जाणं झालं नाही त्यांच्यासाठी लिहितो. तिसरीपर्यंत शिकलो आहे, तेवढ्यात मावेल तेवढं लिहीन.

आमचं गाव धरणगावापासून दोन कोसांवर. सगळं काळं रान, सगळा कापूस. त्यात विहिरीजवळ एक तुकडा आहे. बैलजोडी दहा वेळा वळली की संपतो. हा तुकडा आमच्या घरातलीचा. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं तो मागून घेतला आणि त्यात मका लावला. मक्याच्या दोन ओळींच्या मध्ये चवळी. लोक म्हणाले, कापसाच्या मुलखात मका कोण लावतो. ती म्हणाली, मी लावते. तिथं बोलणं संपलं. बेचाळीस वर्षं त्या तुकड्यात मी तण म्हणून पाहिलं नाही. कणसं भाजून खाल्ली, शेंगांची भाजी खाल्ली, ढेकर दिला. माझा त्या शेतीशी संबंध एवढाच.

मागल्या माघात ती गेली. तीन दिवसांचा ताप. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायला लागलो की पेन्सिल तुटते.

पेरणीच्या वेळी मी मुलाला, रतनला, सांगितलं की यंदा आईचा तुकडा मी करणार. तिच्या मडक्यात राखेत ठेवलेलं बी होतं. मी मका आणि चवळी एकाच दिवशी लावून टाकली. दोन्ही उगवली. मी मिशीवर हात फिरवला. वीसेक दिवसांनी सहज एक चवळीचं रोप उपटून पाहिलं तर मुळांना गाठी. बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, झुपक्यांनी. दुसरं उपटलं, त्यालाही गाठी. मी म्हटलं, मेलो, चवळीला देवी आल्या. मग दोन दिवस वाकून मी सगळी चवळी मुळासकट उपटली, बांधावर ढीग घातला आणि रोग लागू नये म्हणून बैलांनाही खाऊ दिली नाही.

त्यानंतर आठ दिवसांत त्या तुकड्यात कुंदा आणि लव्हाळा असा माजला की आत मका उभा आहे हे पाहुण्यांना सांगावं लागे. रतन बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, पोळापावत साफ करा. नहीत पोळाना दुसरा दिन मी वखर घालसू नि पुढे दादर पेरसू. आपला कापूसमा तन येई ऱ्हायनं."

पोरगा वाईट नाही. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, पीक सोन्यासारखं. पण एकदा त्या तुकड्यात वखर फिरला की तिचं म्हणून काही उरणार नव्हतं. लुगडी वाटून झाली होती. राहिलं होतं एक मडकं आणि हा तुकडा. आणि ती हे सगळं कसं करत होती ते सांगणारं माणूस असलंच तर तिच्या माहेरी असणार. माहेर चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे घडलं ते वाचून त्या गावचे बाकीचे जावई बिघडतील.

मंगळवार. तापी.

वैद्याकडे जायचं तर रोगी बरोबर न्यावा लागतो. म्हणून मी एका ओल्या फडक्यात थोडा कुंदा, थोडा लव्हाळा आणि बांधावरच्या ढिगातली गाठी आलेली चार मुळं वेलासकट बांधून घेतली.

तापीला लाल पाणी होतं. आषाढात ती आमची नदी राहत नाही, कुणाची तरी सासू होते. नावाड्यानं आम्हाला दाटीवाटीनं बसवलं आणि कुणी उठायचं नाही म्हणून दम भरला. मी दोन्ही हातांनी नावेची कड धरली, डोळे मिटले आणि येतील त्या देवांची नावं घेतली. पैलतीर जवळ आला तेव्हा डोळे उघडले, तर माझ्या मांडीशी एक बकरी शांतपणे गठुडं खात होती.

"बाई, तुनी बकरीनी मनं गठुडं खादं," मी शेजारच्या म्हातारीला म्हणालो.

"काय व्हतं त्यामा?"

"तन."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग बकरीकडे, मग नावेतल्या बाकीच्यांकडे. "धरनगावथीन चोपडाले तन ली चालनात?"

"हो."

"चोपडामा तन नही का?"

नावाडी वल्हं थांबवून मागं वळला. त्यानं गंभीरपणे सांगितलं की चोपड्याला तण भरपूर आहे, लागेल तेवढं मिळेल, गावात कुणालाही विचारा. नाव हसली. नाव हसली की हलते, म्हणून मी परत डोळे मिटले. म्हातारी म्हणत होती, "मनी बकरीले काही व्हयनं त तुमना गावले येसू."

बकरीनं पाला खाल्ला, कुंदा खाल्ला, फडक्याचा एक कोपरा खाल्ला. गाठींची मुळं मात्र तशीच टाकली. माझी खात्री पटली की रोग आहे, नाही तर बकरीनं सोडली नसती. या प्रवासातली माझी पहिली चूक म्हणजे मी बकरीचं ऐकलं.

चोपड्याला चहा घेतला. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी असतं, इथं केळीच्या बुंध्याशी उभं. माणसंही जरा गार वाटतात. पुढं डोंगराकडे जाणारी एक गाडी मिळाली. ती केळीच्या घडांनी भरलेली होती. गाडीवान भला होता, मला घडांवर बसवून म्हणाला, बाबा, बसा खुशाल, फक्त हलू नका, केळं दबतं. चार कोस मी न हलता बसलो. उतरलो तेव्हा डावा पाय माझा नव्हता. कुणाचा तरी उसना असल्यासारखा तो मागून आला.

सातपुडा आमच्या गावाहून दिसतो तो निळा, लांब, चित्रातल्यासारखा. जवळ गेलं की निळा राहत नाही, हिरवा होतो, आणि उतारावर पावरा आदिवासींची घरं दिसतात. त्यांचा मका थेट दारापर्यंत येतो. घरातून बाहेर पाय टाकला की मक्यात. आणि मक्याच्या पायाशी भुई कुठंच दिसत नाही, नुसता चवळीचा पाला. मी गाडीवाटेवर उसना पाय चोळत उभा राहून पाहत राहिलो. आमच्या विहिरीजवळचा तुकडा कुणीतरी उचलून डोंगरभर पसरला होता.

बुधवार. रडणं आणि मांडे.

रात्र वाटेवरच्या एका देवळात काढली आणि सकाळी पोचलो. ती गेल्यावर मी पहिल्यांदाच त्या घरी जात होतो. वहाणा काढायच्या आत रडं सुरू झालं. चार घरच्या बायका धावत आल्या, पदर डोळ्यांना लावून ओसरीवर बसल्या आणि "मनी ठगू वं, ठगू माय" म्हणून आळवायला लागल्या. मी दारात, हातात चार मुळं. एक क्षण मला कळेना की ही ठगू कोण. आमच्याकडे ती राधा. लग्नात आम्ही नाव बदललं, तांदळात लिहिलं, पेढे वाटले आणि विसरलो. इथं मात्र ती ठगूच राहिली होती. बेचाळीस वर्षं एका बाईशी संसार केला, आणि तीच बाई दुसऱ्या नावानं आणखी एका गावात राहत होती हे मला दारात उभं राहून समजलं. मग मीही रडलो. मुळं खाली ठेवून रडलो.

रडं सुरू झालं तसंच एकदम थांबलं. पाण्याचा तांब्या आला. तिचा थोरला भाऊ उखर्डू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मला दाजी म्हणतो, कारण जावई वयानं लहान नसतो. त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "दाजी, तापीले पानी किती शे?"

मी पाणी सांगितलं. बकरी सांगितली नाही.

मग जेवण. ज्यानं खान्देशातले मांडे खाल्ले नाहीत त्याला सांगतो. पुरणाची पोळी हातावर घोंगडीएवढी करतात आणि उपड्या खापरावर टाकतात. ती रुमालासारखी मऊ असते, घडी घालून ताटात येते. त्याबरोबर रशी, म्हणजे झणझणीत सार, आणि वरून तूप. आमच्या घरीही होतात. पण आमच्या घरी माणूस पोट भरलं की उठतो. इथं जावयाचं ताट रिकामं दिसणं म्हणजे घराची अब्रू जाणं. उखर्डूची बायको, द्वारकाबाई, पदर नाकापर्यंत ओढून आतल्या दारात उभी. जावयाशी ती बोलत नाही, जावयाच्या समोर येत नाही. काही सांगायचं तर नवऱ्याला सांगते, आणि नवरा नसला तर दारातल्या म्हशीला. "आनखी एक वाढा म्हनं त्यासले," असं ती म्हशीला म्हणाली आणि उखर्डूनं वाढला. तिसऱ्या मांड्याला मी हात आडवा धरला. चौथ्याला दोन्ही हात धरले. पाचव्याला हात धरायला उचलवेनात.

गुरुवार. वावरात बाज.

सकाळी मी उखर्डूला खरं काम सांगितलं. चवळीची देवी सांगितली, मुळं दाखवली, रतनचा वखर सांगितला. तो ऐकून घेत राहिला. म्हणाला, हे आपल्याला ठाऊक नाही. मका-चवळी बायकांचं काम. पेरणी बायकांची, निंदणी बायकांची, पुरुष फक्त बैल हाकतात आणि शेंगा खातात. मला जरा बरं वाटलं. म्हणजे मी एकटाच नव्हतो.

"मंग बायकासले इचारसू," मी म्हणालो.

"तुम्ही जवाई शेतस. त्या तुमनासंगे कश्या बोलतीन?"

"मंग वावरमा जाईसन पाहासू."

पाहायला हरकत नव्हती. आम्ही निघालो. पण माझ्या मागून दोन गडी डोक्यावर बाज घेऊन निघाले आणि तिसरा गोधडी घेऊन. वावरात पोचलो तर बांधावर, बाभळीच्या सावलीत, माझ्यासाठी बाज टाकली. जावई भुईवर बसत नाही. तिथून मका दिसत होता, पण मक्याच्या मुळाशी काय चाललंय ते दिसण्यासाठी माणसाला घार व्हावं लागलं असतं. बायका ओळीनं निंदत होत्या. मी बाजेवरून उठून दोन पावलं पुढं गेलो, तर सगळ्या एकदम उठल्या, पदर ओढले आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मी परत बसलो, त्या बसल्या. मी उठलो, त्या उठल्या. तीन वेळा असं झालं. शेवटी मला वाटलं की मी असाच उठत-बसत राहिलो तर यंदा या गावात निंदणी होणार नाही.

चौथ्या वेळी मी मक्यात शिरलो आणि खाली वाकलो. खुरप्याला हात लागतो न लागतो तोच उखर्डूनं दंड धरला.

"दाजी, गाव काय म्हनी? उखर्डूनी ठगूना नवराले निंदाले लावं?"

"म्हनू दे."

"तुम्ही जाशात तापीपार. माले ह्याच गावमा मरनं शे."

त्याचंही खरं होतं. या प्रवासात ज्यानं त्यानं माझ्याशी खरंच बोलायचं ठरवलं होतं. मी त्याला सांगितलं की पोळ्यापर्यंत महिना-सव्वा महिना आहे, मला हे हातानं करून पाहिल्याशिवाय समजणार नाही, मी ऐकून शिकणारा माणूस नाही. उखर्डू बाजेच्या कडेला बसला आणि बराच वेळ पागोटं खाजवत राहिला. मग म्हणाला, "एक रस्ता शे, दाजी. नातं ठगूसंगे व्हतं. ती गयी. तुम्ही चार मानसंमा म्हनी टाका, मी आते ह्या घरना जवाई नही. मंग तुम्ही गडी मानूस. खुरपं ल्या नि बठा."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. गाठ सुटत नसली की दोरी कापायची, एवढंच. मीही मनात म्हटलं, शब्दच तर आहेत. ती नाही तर जावई कसला. तुकडा वाचतोय ना. मी उभा राहिलो. बायका पाठ करून थांबल्या होत्या, गडी बघत होते.

"मी," मी म्हणालो.

पुढचं येईना. तोंड उघडं होतं, आत काही नव्हतं.

"मी जरासं पानी पिसू," मी म्हणालो.

पाणी आलं. प्यालो. बाज, गोधडी आणि जावई परत घरी आले.

शुक्रवार. रुसवा.

मी पहाटेच उठून घरी परतायचं ठरवलं होतं. पडवीत फडकं बांधत होतो. पलीकडे द्वारकाबाई म्हशीची धार काढत होती. माझ्याकडे पाठ, आवाज मात्र माझ्यापर्यंत पोचेल इतका.

"म्हैसबाई," ती म्हणाली, "जवाई राबस नही, हाई खरं. पन जवाई रुसना त तो जे मांगी ते देनंच पडस, हाईबी खरं. नि ज्यानी लगीनमा रुसवा लिधा नही, त्याना रुसवा बाकी शे का नही, तूच सांग."

म्हशीनं सांगितलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे ही चाल नसेल तर समजून घ्या. लग्नाच्या शेवटच्या जेवणाला नवरदेव ताटावर तोंड फिरवून बसतो. सासरे विचारतात काय हवं. तो काहीतरी मागतो, घड्याळ म्हणा, गोऱ्हा म्हणा, आणि ते कबूल झाल्याशिवाय घास घेत नाही. माझ्या लग्नातही मला सगळ्यांनी पढवून ठेवलं होतं. पण वरात उशिरा पोचली होती, मला भूक लागली होती. ताट आलं तसा मी जेवलो. आमचे वडील त्यावरून वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. म्हणजे म्हशीसमोर निघालेला मुद्दा खोटा नव्हता. माझा एक रुसवा या घरात बेचाळीस वर्षं पडून होता.

दुपारी ताट आलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

"दाजी, जेवा," उखर्डू म्हणाला.

मी भिंतीकडे आणखी सरकलो.

"पोट दुखस का?"

मी मान हलवली. आतून कुणीतरी म्हणालं, "रुसनात वाटस." घटकाभरात ओसरीवर माणूस मावेना. सत्तरीचा जावई रुसला हे पाहायला पाटीलही आले. आणि जो येईल तो शिकवू लागला. एक म्हणाला, पाठ आणखी फिरवा. एक म्हणाला, गाल फुगवा, असं तर आमचा बैलही बसतो. माझे पुढचे तीन दात नाहीत, गाल फुगवला की हवा निघून जाते. तिकडे तुपाचा वास येत होता. मी भिंतीवरची एक पाल पाहत बसलो, तीही ताटाकडे बघत होती.

उखर्डू चालीप्रमाणे समोर येऊन बसला. "काय पाहिजे? धोतर देऊ?"

"नही."

"पागोटं?"

"नही."

"म्हैसनं पारडू?"

पारड्याला मी थोडा थांबलो, खोटं का सांगू. पण म्हणालो, "नही."

"मंग काय?"

"खुरपं," मी म्हणालो. "नि बायकासनी वळमा एक पात. जवाई म्हनीसनच."

उखर्डूनं बायकोकडे पाहिलं. तिनं चुलीकडे पाहिलं. मग पाटील मिशीतून म्हणाले, "चाल मोडाले नही जमत, उखर्डू. मांगं ते देनं पडस."

खुरपं आलं. हळद-कुंकू लावून, सुपात घालून आलं. मी जेवलो. त्या दिवशी सात मांडे खाल्ले आणि कुणी आग्रह केला नाही.

तिसऱ्या प्रहरी मी माझी पात, म्हणजे निंदायला वाट्याला आलेली पट्टी, धरून बायकांच्या ओळीत बसलो. डाव्या हाताला द्वारकाबाई, मध्ये मक्याची ओळ. ती माझ्याशी बोलणार नव्हतीच. म्हैस घरी होती. म्हणून ती मक्याशी बोलली.

"मका, ह्या पावनानी चवळी कव्हय टोबी व्हती रे?"

मीही मक्यालाच सांगितलं, "तुनाच दिनले. दोन्ही संगेच."

पलीकडून पदरातून हसू आलं. ते पात-पात करत ओळीच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून एका पोरीनं पुन्हा मोठ्यानं हसून परत पाठवलं.

मग मी ऐकलं आणि हातानं केलं. मका आधी एकटा लावायचा. तो गुडघ्याला आला की एकदा मन लावून निंदायचं, लव्हाळ्याचा कंद निघेपर्यंत. लगेच दोन ओळींच्या मधल्या जागेत चवळीच्या दोन ओळी, दोन बोटं खोल, वितीवितीवर. वर चढणारी चवळी नको, ती मक्याच्या गळ्यात पडते. भुईवर पसरणारी. मग महिनाभर त्यात पाय टाकायचा नाही. मका वर जातो, चवळी खाली अंथरूण घालते, मधल्या तणाला ऊन मिळत नाही. तण मरत नाही म्हणे, पण त्याचं मन मरतं.

मी माझी गाठींची मुळं काढून मक्याच्या बुंध्याशी ठेवली. द्वारकाबाईनं उचलून पाहिली, मग बांधाकडे लवकर लावलेल्या चवळीतलं एक रोप उपटून आणलं. त्यालाही गाठी. मी घाबरून मागं सरलो. तिनं एक गाठ नखानं फोडून मक्यासमोर धरली. आतून लाल होती, रक्तासारखी.

"मका, त्यासले सांग. हाई देवी नही नि रोगबी नही. हाई वावरनं जेवन शे. लाल शे म्हनजे जित्तं शे. शेंगा सरन्यात का येल वरथीन कापाना, मूळ भुईमाच ऱ्हाऊ देवानं. पुढला सालले भुई दुप्पट देस."

मी त्या ढिगाचा विचार केला. दोन दिवस वाकून मी वावराचं जेवण उपटलं होतं आणि बैलांपासून राखलं होतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मका, द्वारकाबाईले हाई कोनी शिकाडं?"

तिचं खुरपं थांबलं. "ठगूनी," ती म्हणाली. "मी नवी नवरी उनू तव्हय. तिनी डोंगरवरनी एक पावरीनकडथीन शिकी व्हती, पोर व्हती तव्हाच. माले मका नि तूर वळखू येये नही. मन्हा हात धरी धरी शिकाडं." मग जरा थांबून, मक्याच्या पानावरची माती पुसत, "मका, इचार त्यासले. त्यासले नही सांगं का तिनी?"

म्हणजे मी तापी ओलांडून, बकरीकडून लुटला जाऊन, पाय गमावून आणि ताटावर तोंड फिरवून जे शिकायला आलो होतो ते माझ्याच घरात बेचाळीस वर्षं बसलं होतं, माझ्याच हातावर भाकरी देत होतं.

"मी इचारंच नही," मी मक्याला सांगितलं.

मी परत निंदायला लागलो. खुरप्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

दिवस मावळायच्या आत पात संपवली. मग उठायला गेलो तर उठवेना. कंबर अर्धी वाकलेली तशीच राहिली. गड्यांना हाक गेली, बाज आली आणि जावयाला बाजेवर कुशीवर ठेवून, हातात खुरप्यासकट, गावातून घरी नेलं. वाटेत एका म्हाताऱ्यानं हात जोडले. त्याला वाटलं मी गेलो.

घरी.

परत येताना तापी उतरली होती. नावाडी तोच होता. "मियनं का तन?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, मिळालं.

आल्यावर आठ दिवस मी निंदत होतो. गावातले लोक बांधावर येऊन बसायचे, जणू तमाशा उतरला आहे. मडक्यातलं उरलेलं बी निम्म्या तुकड्याला पुरलं. उरलेल्या निम्म्यासाठी द्वारकाबाईनं माझ्या पिशवीत, मला न सांगता, एक पुरचुंडी टाकली होती. रोपं वर आली, पसरली. मी रोज सकाळी जाऊन पाहायचो आणि आत पाय टाकायचा नाही म्हणून स्वतःला बांधावर बसवून ठेवायचो. हे निंदण्याहून अवघड होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रतन बैल घेऊन आला. शिंगांचा रंग अजून ओला होता. वखर गाडीवर होता. तो तुकड्याच्या कडेला उभा राहिला. मग खाली बसला, चवळीच्या पाल्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपडत राहिला, जसं एखादा विहिरीत पडलेला तांब्या शोधतो.

"शे का काही?" मी विचारलं.

"शे. कुंदा शे दोन-चार जागे."

"मंग उपाड."

त्यानं उपटला. आणखी आत गेला, आणखी दोन उपटले. उठला, हात धोतराला पुसले आणि बैल फिरवले. वखर खाली उतरवला नाही. वाटेला लागल्यावर मान न वळवता म्हणाला, "कापूसमा चाली का हाई, आबा?"

मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

शेंगा भरपूर आल्या. सुनेनं भाजी केली, मीठ जास्त पडलं होतं, खाल्ली. दसरा झाल्यावर कणसं उतरवली, वेल सुकत आले. रतन न सांगता मदतीला आला. त्यानं पहिला वेल मुठीत धरला आणि मुळासकट ओढणार, तेवढ्यात मी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"वरथीन काप. मूळ ऱ्हाऊ दे."

"काब्र?"

तुझी आई तसंच करायची, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. इतके दिवस घरात तिच्याबद्दल काही निघालं की मी तेवढंच म्हणत आलो होतो. पण मी बांधावर बसलो, त्यालाही बसवलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. गाठी काय असतात, लाल कशा असतात, दोन बोटं खोल का, गुडघ्यापर्यंत मका येऊ का द्यायचा, डोंगरावरची ती पावरी बाई, नवी नवरी द्वारकाबाई, आणि आठ-दहा वर्षांची ठगू. ठगू कोण, असं त्यानं विचारलं. तेही सांगितलं. ऊन माथ्यावर आलं. बैल दोनदा हंबरले.

"बस, आबा, समजी गयं," रतन म्हणाला.

"नही समजनं," मी म्हणालो. "आनखी इचार."